घरचा टोमॅटो केचप: प्रमाण, क्रम आणि बाटलीच्या मानेला येणारं काळं कडं

टोमॅटो शिजवायचा, गाळायचा, साखर-मीठ-व्हिनेगर घालून आटवायचा, झाला केचप. ऐकायला इतकंच. तरी घरचा केचप बहुतेक वेळा तीनपैकी एका ठिकाणी फसतो. बशीत घेतला की कडेने पाणी सुटतं, किंवा रंग विटकरी होतो, नाहीतर आठवड्याभरात वर बुरशी धरते. आणि मग खापर टोमॅटोवर फुटतं. खरं तर साहित्य सगळ्यांचं जवळपास सारखंच असतं. कोणती गोष्ट कोणत्या टप्प्यावर पातेल्यात पडली, यावर निम्म्याहून जास्त निकाल लागतो. म्हणून इथे प्रमाणाइतकंच क्रमाबद्दल लिहिलं आहे.

आधी थोडा हिशेब

भारतातल्या अन्नमानकांत टोमॅटो केचप आणि टोमॅटो सॉस यांना एकच कसोटी आहे: मीठ वगळून विद्राव्य घन पदार्थ (म्हणजे साखर, आम्लं असं जे जे पाण्यात विरघळलेलं असतं ते) किमान २५ टक्के आणि आम्लता, अ‍ॅसिटिक आम्लाच्या हिशेबात, किमान १ टक्का. ‘केचपमध्ये मसाला असतो, सॉसमध्ये नसतो’ हा भेद दुकानातला आहे, कायद्यातला नाही.

ताज्या टोमॅटोच्या रसात विद्राव्य घन पदार्थ जेमतेम ४ ते ५ टक्के असतात. तीन किलो टोमॅटोचा बिया-सालं काढून साधारण २.४ किलो रस निघतो आणि त्यात टोमॅटोचे स्वतःचे घन पदार्थ १०० ते ११० ग्रॅम. त्यात ११० ग्रॅम साखर आणि १५ ग्रॅम मीठ मिळवलं की बेरीज २३० ग्रॅमच्या आसपास जाते. ही बेरीज शेवटच्या वजनाच्या ३० टक्के व्हायची असेल, तर पातेल्यात शेवटी ७५० ते ८०० ग्रॅम माल उरला पाहिजे. म्हणजे रसाचा एक तृतीयांश. अंदाजपंचे आटवण्यापेक्षा हा आकडा लक्षात ठेवलेला बरा. पुढचं सगळं त्यावरच चालतं.

परवडतं का? टोमॅटो स्वस्त असेल तेव्हा, हो. पिंपळगाव बसवंत किंवा नारायणगावच्या बाजारात २० किलोच्या कॅरेटचा भाव कोसळतो तेव्हा शेतकऱ्याचा जीव जातो, पण शहरात तेव्हाच किलोभर टोमॅटो चहाच्या दरात मिळतो. २०२३ च्या जुलैसारखा शंभरी ओलांडलेला टोमॅटो आणून केचप करण्यात मात्र काही अर्थ नाही. त्यापेक्षा शेवटी दिलेली पेस्टची कृती करावी.

टोमॅटो कोणता

बाजारात ढोबळमानाने दोन प्रकार दिसतात. गावठी: चपटा, कडेला खाचा असलेला, रसाळ, आंबट. आणि हायब्रीड: लांबट किंवा अंडाकृती, जाड गराचा, कमी बियांचा. सारासाठी गावठीला तोड नाही, पण केचपला लांबट घ्यावा. गर जास्त म्हणजे आटवायचं पाणी कमी आणि गॅसही कमी. चवीसाठी तीन किलोत अर्धा किलो गावठी मिसळला तर उत्तमच.

रंगाकडे नीट पाहा. टोमॅटोचा लाल रंग लायकोपीनचा आणि तापमान साधारण ३० अंशांच्या वर गेलं की फळात लायकोपीन तयार होणं मंदावतं. म्हणून एप्रिल-मेमधला टोमॅटो वरून लाल दिसला तरी कापल्यावर आतून पिवळट-नारिंगी निघतो आणि त्याचा केचप कधीच गडद होत नाही. डिसेंबर ते फेब्रुवारीतला टोमॅटो या कामाला सगळ्यात चांगला. देठाजवळ हिरवट-पिवळा पट्टा असेल तर दोन-तीन दिवस बाहेर, देठाची बाजू खाली करून, कागदावर एका थरात ठेवा. फ्रिजमध्ये तो पिकत नाही, नुसता पडून राहतो.

‘केचपला काय, डागी टोमॅटोही चालतो’ हे मत फार पसरलेलं आहे आणि निम्मंच खरं आहे. दबलेला, वेडावाकडा, किंचित सुरकुतलेला चालतो. तडकून त्यात काळी-पांढरी बुरशी आलेला अजिबात चालत नाही. तेवढा भाग कापून टाकला तरी वास गरात उतरलेला असतो आणि आटवल्यावर तो तिपटीने जाणवतो.

साहित्य (साधारण ७५० ते ८०० ग्रॅम केचपसाठी)

- पूर्ण पिकलेले टोमॅटो ३ किलो
- साखर ११० ग्रॅम
- मीठ १५ ग्रॅम
- पांढरं व्हिनेगर, ४ टक्क्यांचं, ८० मिली
- ब्याडगी किंवा काश्मिरी मिरचीची पूड दीड चमचा
- पुरचुंडीसाठी: बारीक चिरलेला कांदा १०० ग्रॅम, ठेचलेला लसूण १५ ग्रॅम, ठेचलेलं आलं १५ ग्रॅम, दालचिनीचा दोन इंची तुकडा, ६ लवंगा, १०-१२ मिरी, २ वेलदोडे, अर्धा चमचा बडीशेप

लवंगेच्या टोकाचा गोल दाणा नखाने उडवून फक्त दांडी घ्यायची. हा चोखंदळपणा नाही. कारण पुढे काळ्या कड्याच्या भागात येईल.

भांडं जाड बुडाचं, पसरट, स्टीलचं. लोखंडी कढई नको, कल्हई नसलेलं पितळ तर नकोच, अ‍ॅल्युमिनियमही टाळा. तीन किलोला सात-आठ लिटरचं पातेलं लागतं, कारण रस उकळताना फेसाळून वर येतो. रिकाम्या पातेल्याचं वजन आधीच करून कागदावर लिहून ठेवा. स्वयंपाकघरात वजनकाटा नसेल तर एक स्वच्छ लाकडी उलथणं लागेल. त्याचं काम खाली सांगितलं आहे.

पहिला टप्पा: चिरणं आणि लगेच तापवणं

पाणी सुटणारा केचप इथे, पहिल्या दहा मिनिटांत जन्माला येतो.

टोमॅटोच्या गरात पेक्टिन असतं. केचपमधलं पाणी धरून ठेवायचं काम तेच करतं. पण टोमॅटोतच हे पेक्टिन तोडणारी विकरंही (एन्झाइम) असतात. फळ अखंड असेपर्यंत ती गप्प असतात. चिरलं, चेंगरलं की कामाला लागतात, आणि कोमट तापमानाला तर फारच जोरात. ८५-९० अंशांच्या वर गेल्यावर ती निकामी होतात. तेव्हा चिरलेला टोमॅटो परातीत पडून राहू देणं किंवा मंद आचेवर हळूहळू तापवणं म्हणजे विकरांना मोकळं रान. मिक्सरमधून कच्चा फिरवून मग गॅसवर ठेवणं त्याहून वाईट. बियाही फुटतात, त्याने रस पांढरट-कडवट होतो, आणि मिक्सर भरपूर हवा मिसळतो ती वेगळीच.

करायचं असं: टोमॅटो अखंड धुवून, पुसून, देठाचा कडक भाग काढून ठेवा. पातेलं मोठ्या आचेवर तापवा. चार-पाच टोमॅटो चिरून थेट गरम पातेल्यात टाका, झाकण ठेवा. रस सुटून उकळी फुटली की पुढचे चार-पाच. एका वेळी सगळे ओतलेत तर तापमान खाली येतं आणि सगळा ढीग बराच वेळ कोमट राहतो. पाणी घालायचं नाही. शेवटचा घाणा पडल्यावर झाकण ठेवून आणखी १० मिनिटं. सालं गुंडाळून सुटायला लागली की पुरे.

कारखान्यात यालाच उष्ण पद्धत म्हणतात. शीत पद्धतीत रस ६०-६५ अंशांवरच काढतात. त्याचा रंग आणि ताजा वास जास्त चांगला, पण रस पातळ. पिण्याच्या रसासाठी ती ठीक. केचपसाठी नाही.

दुसरा टप्पा: गाळणं

पुरणयंत्र असेल तर त्याची सगळ्यात बारीक जाळी लावा आणि गरम असतानाच फिरवा. पुरणाच्या जाळीतून काही बिया निसटतात, म्हणून तो रस परत एकदा स्टीलच्या बारीक गाळणीतून, वाटीच्या बुडाने दाबत काढा. शेवटी गाळणीत उरलेला चोथा कोरडा, भुसभुशीत लागला पाहिजे. ओला वाटला तर गर अजून आत आहे, म्हणजे पेक्टिनही. चोथा टाकू नका: उन्हात किंवा मंद ओव्हनमध्ये कडक वाळवून पूड केली की आमटीत, चिवड्यात, मसाला भातात चालते.

रसाचं वजन करा. २.४ किलोच्या आसपास भरलं तर वरचं प्रमाण जसंच्या तसं. बरंच कमी-जास्त असेल तर साखर, मीठ आणि व्हिनेगर त्या पटीत बदला.

तिसरा टप्पा: आटवणं

कांदा-लसूण-आलं आणि खडा मसाला मलमलच्या दुहेरी कापडात सैलसर बांधा. घट्ट बांधलात तर रस आत शिरत नाही. कांदा वाटून थेट रसात घालणाऱ्या कृती पुष्कळ आहेत, पण त्याने केचप तपकिरीकडे झुकतो आणि थंड झाल्यावर रश्श्यासारखा वास येतो. पुरचुंडीतून स्वाद तेवढा उतरतो, चोथा बाहेर राहतो.

पातेल्यात रस, पुरचुंडी, मिरचीपूड आणि साखरेचा फक्त एक तृतीयांश भाग, म्हणजे साधारण ३५ ग्रॅम. सगळी साखर सुरुवातीला घातली तर ती तासभर आम्लात शिजत राहते, करपटते आणि रंग विटकरी करते. मीठ आत्ता अजिबात नाही. मिठाने टोमॅटोचा रंग फिका पडतो आणि आंबट-खारट मिश्रण भांड्याच्या धातूलाही जास्त लागतं.

वजनकाटा नसेल तर उलथण्याचं काम आता: ते पातेल्यात उभं बुडवून रसाची रेघ चाकूने आखा. बुडापासून त्या रेघेपर्यंतच्या अंतराचे तीन भाग करून खालच्या भागावर दुसरी खूण करा. पातेल्याच्या भिंती सरळ असतील तरच हे चालतं. कढईत फसगत होते.

पहिला अर्धा भाग मोठ्या आचेवर, झाकण न ठेवता, उघडा. जितका लवकर आटेल तितका रंग राहील. मंद आचेवर तीन तास रटरटवत ठेवलेला केचप मुरतो वगैरे काही नाही, नुसता काळवंडतो. रस निम्म्यावर आला की बुड धरायला लागतं. इथून मध्यम आच, आणि सपाट टोकाचं उलथणं बुडावरून सतत फिरतं. याच वेळी तो उडायला लागतो. घट्ट रसाखाली वाफ अडकते आणि फुटताना थेंब हातभर वर येतो. चटका जबर बसतो. पुऱ्या तळताना वापरतो ती मोठी चाळणी पातेल्यावर तिरकी धरा, लांब दांड्याचं उलथणं घ्या, मुलांना ओट्यापासून लांब ठेवा.

दोन पंचमांश उरला की पुरचुंडी बाहेर काढून चाळणीत दाबून सगळा अर्क परत पातेल्यात पिळा. उरलेली ७५ ग्रॅम साखर घाला. साखर विरघळताना मिश्रण क्षणभर पुन्हा पातळ होतं. घाबरू नका, पाच-सात मिनिटांत परत येतं.

शेवटची पाच मिनिटं

पातेल्यासकट वजन करून रिकाम्या पातेल्याचं वजन वजा करा. ८०० ग्रॅमच्या जवळ आलात की मीठ, मग व्हिनेगर. व्हिनेगर शेवटी, कारण अ‍ॅसिटिक आम्ल वाफेबरोबर उडून जातं. अर्ध्या वाटेवर घातलेलं व्हिनेगर स्वयंपाकघराला मिळतं, केचपला नाही. घातल्यावर दोन-तीन मिनिटं उकळू द्या.

आता बशीची परीक्षा. स्टीलची ताटली फ्रिजमध्ये गार करून ठेवलेली असावी. तिच्यावर एक चमचा केचप टाका आणि दोन मिनिटं हात लावू नका. थेंबाभोवती पाण्याचं फिकट कडं सुटलं तर अजून आटवा. कडं नाही, ताटली तिरकी केल्यावर गोळा सलग, आळसाने सरकतो: झाला. गरम केचप नेहमी थोडा पातळच दिसतो. पातेल्यात हवा तितका घट्ट होईपर्यंत थांबलात तर गार झाल्यावर चमच्याने खणावा लागतो.

चवही गार थेंबाचीच बघा. गरम असताना आंबटपणा टोचतो आणि लोक घाबरून आणखी साखर टाकतात. दुसऱ्या दिवशी तो केचप नुसता गोड लागतो. खरी चव दोन-तीन दिवसांनी बसते.

बाटल्या

काचेच्या बाटल्या किंवा रुंद तोंडाच्या बरण्या १५-२० मिनिटं पाण्यात उकळा, झाकणंही. त्या गरम असतानाच उकळता केचप भरा. भरताना तो ८५ अंशांच्या खाली जाऊ नये. बाटली लाकडी पाटावर किंवा जाड वर्तमानपत्रावर ठेवा. ओल्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर गरम बाटली तडकते. वर सेंटिमीटरभरच जागा सोडा, तोंड पुसा, झाकण घट्ट, आणि पाच मिनिटं उलटी ठेवा.

लगेच वापरायचा असेल तर इतकं पुरे: गार झाला की फ्रिजमध्ये, महिन्याभरात संपवा. बाहेर ठेवायचा असेल तर पातेल्याच्या तळाशी फडकं घालून, बाटल्या बुडतील इतक्या उकळत्या पाण्यात त्या अर्धा तास ठेवाव्यात. मग अंधाऱ्या, कोरड्या कपाटात. उघडल्यावर मात्र फ्रिजच. छोट्या बाटल्या भरा, दोनशे ग्रॅमच्या. मोठी बरणी दहा वेळा उघडली जाते आणि दर वेळी कोणाचा तरी उष्टा चमचा आत जातो. पिचकणाऱ्या प्लास्टिकच्या बाटलीत भरायचा तर पूर्ण गार करूनच.

सोडियम बेन्झोएट, म्हणजे टिकवण्यासाठीचं रसायन, घालावं का? शिकवण्याच्या कृतींत किलोमागे पाव ग्रॅम असं प्रमाण देतात. पाव ग्रॅम घरच्या काट्यावर मोजता येत नाही. ‘चिमूटभर’ म्हणून लोक जास्तच घालतात. फ्रिज असेल तर गरज नाही. यात एक जुनी गंमत आहे. अमेरिकेत हाइन्झ कंपनीने १८७६ मध्ये टोमॅटो केचप विकायला सुरुवात केली, तेव्हा अनेक उत्पादक निकृष्ट गर आणि बेन्झोएटवर काम भागवत. १९०६ च्या अन्न-औषध शुद्धता कायद्याच्या सुमारास सरकारी रसायनशास्त्रज्ञ हार्वे वायली यांनी बेन्झोएटला कडाडून विरोध केला, आणि हाइन्झने ते सोडून पूर्ण पिकलेला टोमॅटो, जास्त व्हिनेगर आणि जास्त साखर हा मार्ग धरला. आज जगभर केचपची जी गोड-आंबट दाट चव ओळखीची आहे, ती अशी टिकवण्याच्या गरजेतून आलेली आहे. साखर-व्हिनेगर निम्मं करून ‘पौष्टिक’ केचप करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं: करा, पण तो आठवड्याचाच पाहुणा.

काळं कडं

बाटलीच्या मानेत, केचपच्या वरच्या पातळीवर, काळपट-तपकिरी वळं दिसतं. खाली सगळा लाल, वर बोटभर काळा. लोक त्याला बुरशी समजून टाकतात, किंवा बुरशी असताना ‘ते काळं असतंच’ म्हणून खातात. दोन्ही चुकीचं.

कारण असं: लोखंडी कढई, खरवडलेली चाळणी, गंजलेलं झाकण यांतून लोह केचपमध्ये उतरतं. लवंगेसारख्या मसाल्यांतून टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, उतरतं. लवंगेच्या टोकाचा दाणा म्हणूनच काढायचा. या दोघांची गाठ पडून जे तयार होतं ते हवा लागली की काळं पडतं, आणि बाटलीत हवा असते ती मानेतच. त्यामुळे उपाय तिन्हीकडून करायचा: लोखंड टाळा, लवंग साफ करा, बाटली गरम आणि वर सेंटिमीटरभरच जागा ठेवून भरा. बाटल्या आडव्या ठेवल्या तरी फरक पडतो.

नुसतं काळं कडं, वास ठीक, पृष्ठभाग गुळगुळीत: अपाय नाही, वरचा थर काढून वापरा. पण मखमली ठिपके, पांढरी साय, बुडबुडे, झाकण फुगलेलं किंवा उघडताना फुस्स आवाज: पूर्ण बाटली टाकायची. वरची बुरशी चमच्याने काढून खालचा खायचा नाही.

बाकीचे बिघाड, थोडक्यात

पाणी सुटलं: रस सावकाश तापला किंवा कमी आटला. दुसरं कारण असेल तर परत पातेल्यात ओतून आटवता येतं. पहिलं असेल तर तेवढ्याने पूर्ण सुधारत नाही, हलवून खा.

कडू लागतो: बुड लागलं, बिया फुटल्या, किंवा पुरचुंडी शेवटपर्यंत ठेवली. करपल्याची शंका आली तर खरवडू नका. वरचा माल हळूच दुसऱ्या पातेल्यात ओतून घ्या.

नारिंगी झाला: टोमॅटोच तसा होता. पुढच्या वेळी मिरचीपूड थोडी वाढवा.

रवाळ आहे: गाळणी जाड होती. गरम असतानाच पुन्हा गाळा.

घराघरातली मतं

कॉर्नफ्लोअर. बहुतेक झटपट कृतींत एक चमचा कॉर्नफ्लोअर असतं. गरम असताना छान चमक येते, दोन दिवसांनी फ्रिजमध्ये जेली होते आणि मग कडेने पाणी. शिवाय दोन तृतीयांश आटवण्याऐवजी निम्म्यावरच थांबल्याने चवही पाणचट. आमचं मत स्पष्ट आहे: नको.

बीट. रंगासाठी रसात बिटाची फोड टाकतात. सुरुवातीला झकास गुलाबी-लाल येतो, पण बिटाचा रंग उष्णतेला टिकत नाही आणि आटेपर्यंत मळकट होतो. मातकट वास मात्र टिकतो. ब्याडगी मिरची हेच काम नीट करते.

गूळ. चव चांगली लागते, का नाही लागणार. पण रंग काळपट आणि तोंडात चिंचगुळाच्या चटणीची आठवण. केचप म्हणून वाढलात तर मुलं ओळखतात.

व्हिनेगरऐवजी लिंबू. आंबटपणा येतो, पण यीस्ट आणि बुरशीला अ‍ॅसिटिक आम्ल जितकं रोखतं तितकं लिंबातलं सायट्रिक आम्ल रोखत नाही. फ्रिजमध्ये ठेवून आठवड्यात संपवायचा असेल तरच.

आणि कशाशी खावा, यावर तर घरात दोन तट असतात. वडापावाला केचप लावणं अनेकांना अधर्म वाटतो, समोशाला लावला तर तेच लोक काही बोलत नाहीत. पोळीला सॉस लावून गुंडाळी करून डब्यात देणं हा कितीतरी घरांचा सकाळचा तोडगा आहे. हे आपल्याकडेच नाही. शिकागोत हॉटडॉगवर केचप घालणाऱ्याकडे आजही वाकड्या नजरेने पाहतात. चवीचा वाद चवीवर सोडू, पण डब्याच्या गुंडाळीबाबत एक आकडा हवा: बाजारच्या केचपच्या एका मोठ्या चमच्यात साधारण चार ग्रॅम साखर असते, म्हणजे चहाचा जवळजवळ एक चमचा. तीन चमचे लावलेली पोळी म्हणजे तीन चमचे साखर.

बाजारची बाटली वाचताना

घटकांची यादी उतरत्या वजनाने लिहिलेली असते. टोमॅटो पेस्ट पहिली आहे की पाणी आणि साखर तिच्या पुढे, हे आधी बघा. पेस्टच्या पुढे टक्केवारीही छापलेली असते. मग आकडे, म्हणजे अन्नात घातलेल्या पूरक द्रव्यांचे आंतरराष्ट्रीय क्रमांक (आयएनएस). आयएनएस २६० म्हणजे अ‍ॅसिटिक आम्ल, ३३० सायट्रिक आम्ल, २११ सोडियम बेन्झोएट. १४२२ हा प्रक्रिया केलेला स्टार्च, ४१५ झँथन गम. शेवटचे दोन घट्टपणासाठी. ते विषारी नाहीत, पण टोमॅटोचं काम दुसऱ्याकडून करून घेतलंय हे त्यावरून कळतं. कांदा-लसूण न खाणाऱ्यांसाठी वेगळ्या बाटल्या मिळतात. पुढच्या बाजूलाच तसं छापलेलं असतं.

गाड्यांवर पाच लिटरच्या कॅनमधून येणारा लालभडक सॉस ही वेगळी जात. त्यात भोपळ्याचा गर, स्टार्च आणि रंग असू शकतो. कॅनवर ‘टोमॅटो’ हा शब्द आहे का, हेच आधी वाचा. स्टार्चची परीक्षा घरी होते: चमचाभर सॉस चार चमचे पाण्यात उकळून पूर्ण गार करा, टिंक्चर आयोडीनचे दोन थेंब टाका. निळा-काळा झाला तर स्टार्च आहे. मात्र १४२२ छापलेली नामांकित बाटलीही निळी होऊ शकते, तेव्हा एवढ्यावरून भेसळ झाली असं म्हणू नये.

टोमॅटो महाग असताना

कंपन्याही वर्षभर ताजा टोमॅटो आणत नाहीत. हंगामात पेस्ट करून ठेवतात आणि त्यातून केचप करतात. तेच घरी: २८ टक्के घनतेची, मीठ नसलेली टोमॅटो पेस्ट २०० ग्रॅम, पाणी १२० मिली, साखर ५० ग्रॅम. स्टीलच्या पातेल्यात एकजीव करून, वर सांगितलेल्या मसाल्याच्या निम्म्या प्रमाणाची पुरचुंडी टाकून, मंद आचेवर झाकून १५ मिनिटं. पुरचुंडी पिळून काढा, मीठ ६ ग्रॅम आणि व्हिनेगर ३५ मिली घाला, दोन मिनिटं उकळा. ४०० ग्रॅमच्या आसपास केचप होतो. इथे आटवायचं नसल्याने झाकण ठेवायचंच. उघडं ठेवलंत तर कडेला करपतो. पेस्टच्या डब्यावर मीठ लिहिलेलं असेल तर आपलं मीठ निम्म्यावर आणा आणि चाखून मग वाढवा. तिखट-गोड हवा असेल तर पुरचुंडीतला लसूण दुप्पट करा आणि व्हिनेगरबरोबर अर्धा चमचा लवंगी मिरचीची पूड घाला. ती आधीपासून शिजवली तर ठसका उडतो आणि नुसती जळजळ उरते.